पावसाळ्याआधी माल काढणे

मी चौथी शिकलो. त्यापुढे शाळेला माझ्याकडून काही मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून सोडली. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर चाळीस वर्षं मुकादम होतो. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं रान. तिथला एकच नियम मी कुणाला मोडू दिला नाही: रोहिणी नक्षत्र लागायच्या आत माल विकून मोकळं व्हायचं. पावसाळी हवा लागली की मिरचीला बुरशी येते, रंग जातो, आणि मग घेणारा ती हातातसुद्धा धरत नाही. आमचा शेट राजस्थानचा, व्यवहाराला पक्का, पण ढग बघायला मलाच बोलवायचा.

शेट वारला. त्याच्या नातवानं मिरची बंद केली, पेढीला काचेचा दरवाजा बसवला आणि म्युच्युअल फंडाचं काम धरलं.

माझी थोरली बहीण, आक्का, प्रकाशा या गावी मुलाच्या घरी असते. नवरा नाही. झोपायला ओसरी, आणि बाजूला कापसाचे गठ्ठे. वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा विकला गेला तेव्हा तिनं पैसे माझ्या हाती दिले. तिला अंगणात एक खोली हवी होती. शेजारी संडास, आणि दाराला आतून कडी. बाकीचं म्हातारपणाला. पण तिच्या नातवाच्या लग्नाचा मांडव अंगणातच पडणार, म्हणून खोली लग्नानंतर. पोरगा अजून शिकत होता, म्हणजे चार वर्षं थांबणं आलं.

मी शेटच्या नातवाकडे गेलो. तो म्हणाला, "मुकादम काका, खोलीपुरते बँकेत ठेवा. उरलेले फंडात टाका आणि मग दहा वर्षं हात लावू नका."

चाळीस वर्षं माल सांभाळलेल्या माणसाला कुणी हात लावू नका म्हटलं तर कसं वाटेल? मी सगळेच फंडात टाकले. नावावर आक्काच्या, म्हणजे सही तिची. तिला सही छान येते. ती पाचवी शिकली आहे आणि हे ती विसरू देत नाही.

पुढच्या मे महिन्यात आक्काची सही घेऊन मी पेढीवर गेलो आणि सगळं विकायला सांगितलं.

"का पण?" नातू म्हणाला.

"पावसाळा आला."

"काका, फंडाला बुरशी लागत नाही."

"तुझे आजोबाही पहिल्या वर्षी असंच म्हणाले होते," मी म्हटलं. "सत्तर पोती फेकली मग."

त्यानं विकले. त्या पावसाळ्यात बाजार पडला. दसऱ्यानंतर मी स्वस्तात परत घेतले आणि पेढ्यांचा डबा घेऊन पेढीवर गेलो. नातवानं एक पेढा खाल्ला. बोलला काही नाही. मी मात्र चहाच्या टपरीवर महिनाभर बोललो.

दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यात विकलं आणि बाजार पावसाळाभर चढत राहिला. दसऱ्याला त्याच पैशात युनिटं कमी आली. वर्षाच्या आत विकलं म्हणून थोडं कापलं गेलं, नफ्यावर कर गेला. मी म्हटलं, एखादं वर्ष असतं. तिसऱ्या वर्षीही तसंच झालं. तेव्हा नातवानं कागदावर दोन आकडे लिहिले. एक, पैसे नुसते पडून राहिले असते तर आज किती झाले असते. दुसरा, माझा. मी फरक मनात मोजला. एका संडासाएवढा होता. कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

चौथ्या मे महिन्यात मी विक्रीचा फॉर्म घेऊन प्रकाशाला गेलो. नियम तो नियम. लग्न हिवाळ्यात ठरलं होतं. आक्का ओट्यावर बसली होती.

"आते कसानी सही?" तिनं आमच्या बोलीत विचारलं.

"इकानी. चार दिनमा रोहिणी लागी."

"मन्ही खोली शे का गई, ते आधी सांग."

मी टोपी काढली, कागद दिला. तिनं वाचला. पाचवीचा हा तोटा.

"खोली शे," मी म्हटलं. "संडास गया."

तिनं कागदाची घडी करून परत दिली. मग म्हणाली, "तीन साल तू मन्हा पैसा पानीथून वाचाडा. तो काय मीठ शे, इरघळाले?"

"मिरची पावसायामा ठेवतस नही, आक्का."

"काबरं नही? मन्ही बरनी पाह्य. वरीसभरनं तिखट शे. पावसायामा तुन्हा घर काय फिक्कं खातस?"

मी बरणीकडे बघितलं नाही.

"हिंग टाकीसन दाबी भरस," ती म्हणाली. "रोजनं लहान डबीमा काढी लेस. बरनीनं झाकन घडीघडी उघाडं ते जाळं पडस. खोलीपुरतं काढ, तेवढी सही लई ले. बाकीनी सही मी करस नही."

चाळीस वर्षं पोत्यांनी मिरची विकली, पण घरात तिखट कसं टिकवतात हे मी कधी बघायला गेलो नव्हतो. ते बायकांचं काम.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः माझ्याबरोबर पेढीवर आली. खोलीचे पैसे काढून बँकेत टाकायला लावले. बाकीच्याला हात लावायचा नाही, असं नातवाला बजावलं.

"आजी, हेच मी काकांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"तू बरनीनं नाव लिधं व्हतं का?"

तो नाही म्हणाला. मग त्याचाही थोडा दोष होता असं मला वाटतं.

लग्न झालं, मांडव उतरला, खोली उभी राहिली. उरलेले पैसे यंदा पावसाळाभर फंडातच होते. त्यांचं काय झालं हे मी विचारलेलं नाही. नातू सांगायला लागला तर मी त्याला मिरचीचा भाव विचारतो, तो त्याला माहीत नसतो.

संडास मी माझ्या पैशानं बांधून दिला. गवंडी दार बसवत होता तेव्हा मी आक्काला म्हटलं, "हाऊ मन्हा आहेर समज."

"आहेर कसाना? दंड शे," ती म्हणाली. "आन् कडी नीट बसाड."