शब्द फोडून सांगणारा

अहमदपूरच्या स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याला आजाराचं इंग्रजी नाव दिसलं, की ते भुईमुगाच्या शेंगेसारखं फोडल्याशिवाय राहवत नाही. "हिपॅटायटिस. हेपार म्हंजे लिव्हर, आयटिस म्हंजे सूज. ग्रीक हाय, गुरुजी." मी शाळेत इंग्रजी शिकवतो, पण शब्दांची ही मुळं मी त्यांच्याच काउंटरवर शिकलो. शब्द कळला की निम्मी भीती जाते, असं ते म्हणतात. घाबरून आलेली माणसं त्यांचं ऐकून शांतपणे गोळ्या घेऊन जाताना मी पाहिली आहेत.

गेल्या वर्षी आईच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. आई म्हणाली, "भाऊ, ह्यो बी शब्द फोडून सांगा की."

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. शब्द होता कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग.

"मावशी, ह्याचं मूळ मला न्हाई माहीत," ते म्हणाले.

ते खोटं होतं. त्या शब्दात ग्रीकांचा खेकडा आहे, हे मला त्यांनीच कधीतरी हसत सांगितलं होतं.

मग भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि आमच्यासोबत लातूरच्या बसमध्ये बसले. दवाखाना येईपर्यंत ते आईला यंदाच्या तुरीचं विचारत राहिले.

ऑपरेशन झालं. आई आता बरी आहे. कधी त्यांचा विषय निघाला की म्हणते, "माणूस लई चांगला हाय. पण त्याला समदंच येत न्हाई बघ."

मी "व्हय" म्हणतो.