ढाण्याच्या गळ्यातली लाल पट्टी

पाटोद्याच्या अलीकडच्या माळावर सटवाची मेंढरं असायची, आणि मेंढरांपेक्षा त्याच्या कुत्र्याचाच दरारा मोठा. लांडगा दिसला की ढाण्या थेट अंगावर जायचा. माणसांच्याही जायचा, पण ते सटवा हसण्यावारी न्यायचा.

गावाला काही ते हसण्यावारी नेता येईना. ग्रामपंचायतीनं दवंडी दिली, चावरी कुत्री बांधून ठेवा आणि पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याला पिसाळू नये म्हणून लस टोचून घ्या. मारुतीच्या पारावर जनावरांचे डॉक्टर येणार होते आणि टोचलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टी बांधणार होते. आता सटवाच्या डोक्यात वाडवडिलांपासूनचं एक खूळ होतं, की सुई टोचलेलं कुत्रं मवाळ पडतं, मग ते लांडग्यावर जात नाही. त्यानं आपली दात पडलेली म्हातारी कुत्री पारावर नेली, तिला सुई देऊन आणली आणि तिच्या गळ्यातली पट्टी सोडून ढाण्याच्या गळ्यात बांधली. त्याची बायको संगीता म्हणाली, हे बरं नाही. पण गडी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होता.

त्या हिवाळ्यात चंद्रभागाबाईच्या रानात मेंढरं बसली होती. रानाला लेंडीखत, मेंढपाळाला धान्य, असा त्यांचा जुना शिरस्ता. म्हातारी एकटी, आणि सटवावर तिचा पोटच्या पोरासारखा भरवसा. एका सकाळी ती त्याच्यासाठी भाकरी घेऊन मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी आली आणि मोकळ्या ढाण्यानं तिची पोटरी धरली.

माणसं जमली. कुणी म्हणालं, पाटोद्याच्या दवाखान्यात न्या. म्हातारीनं जखमेवर हळद दाबली आणि त्यांनाच झापलं.

"लाल पट्टी दिसंना का तुमाला? सटवानं सुई देऊन आणलंय त्याला. सटवा खोटं कावून करील?"

सटवा तिथंच उभा होता. तोंड उघडायची वेळ हीच होती, आणि त्यानं उघडलं नाही. लोक तोंडात शेण घालतील, एवढंच त्याला दिसत होतं.

दिवसभर तो ढाण्याकडं बघत राहिला. कुत्रं खात होतं, पीत होतं. पण थोड्याच दिवसांमागं एक कोल्हा भरदुपारी झिंगल्यासारखा कळपात शिरला होता आणि ढाण्या त्याच्याशी झोंबला होता. ते आठवलं आणि तो कोल्हा पिसाळलेला तर नव्हता, असं सटवाच्या मनात आलं. आपली अब्रू झाकायला आपण म्हातारीचा जीव टांगणीला लावलाय, हे त्याला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात गेला. ती बाजरी पाखडत होती.

"मावशी, पट्टी खोटी हाय," तो म्हणाला. "सुई दुसऱ्या कुत्रीला दिली. ढाण्याला न्हाई. चला, दवाखान्यात जाऊ."

 तिनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती निघाली. जीपमध्ये ती त्याच्याकडं पाठ करून बसली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर सटवाला सोसलं असतं.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, कुत्रं कुणाचं, लस दिली होती का?  चंद्रभागाबाईनं नुसतं सटवाकडं बघितलं. भरल्या रांगेसमोर त्यालाच सांगावं लागलं. कुणीतरी मागून थू केलं. म्हातारीला जखमेत सुया टोचल्या तेव्हा तिनं ओठ दाबून धरले, आणि सटवाला वर बघवेना.

म्हातारी वाचली. ढाण्याही पिसाळला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस तो साखळीला राहिला, मग सटवानं त्याला खरोखरीची सुई देऊन आणली. पुढं लांडगा आला तेव्हा ढाण्या साखळीला हिसडे देत पहिल्यासारखाच त्याच्यावर झेपावला. खूळ ते खूळच निघालं.

पुढच्या हिवाळ्यात सटवा पुन्हा तिच्याच रानात आला. तिनं नाही म्हटलं नाही, भाकरीही घेऊन आली. पण जाळीपासून लांबच थांबली. ढाण्या साखळीला होता, गळ्यात नवी लाल पट्टी होती.

"मावशी, आवंदा खरी सुई दिलीय," सटवा म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला विचारलं,

"दिलीय का गं, संगीता?"