दोन दारांची गाडी

पंचेचाळिशी ओलांडल्यावर रश्मीला दोन दारांची गाडी घ्यावीशी वाटली आणि सगळ्या गणगोताच्या पोटात दुखायला लागलं. बुटकी, परदेशी बनावटीची, पुढे दोघं ऐसपैस बसतील आणि मागे जेमतेम एखादी पिशवी मावेल अशी ती गाडी. "मांगं कोन बसन मंग?" एकेकानं विचारलं. कोणीही बसू नये म्हणूनच तर ती हवी होती!

अमरावतीत रश्मीचा दातांचा दवाखाना होता. वडील पुंजाजी ती शिकत असतानाच गेले, तेव्हापासून घर तिनंच ओढलं. धाकट्या पिंटूचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याला काढून दिलेलं दुकान, सगळं तिनं निस्तरलं. गाडी घेतली तीही सात जणांची, आपली माणसं मावली पाहिजेत म्हणून. माणसं अशी मावली की रश्मीला स्वतःच्या गाडीत एकटं बसल्याचं आठवत नव्हतं. परतवाड्याच्या मावशीला दवाखान्यात न्या, चांदूर बाजारच्या लग्नाला पाहुणे पोचवा, दीक्षाभूमीला सगळ्यांना घेऊन नागपूर गाठा. चालवायला रश्मीच. पिंटूला गाडी चांगली येत होती, पण "ताईचा हात बसला आहे" म्हणून तो मागे डुलक्या काढायचा. तिनं लग्न केलं नाही, म्हणजे तिला काय काम, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाडी कशी काय आहे हे विचारायला ती आधी ओमप्रकाशकडे गेली. अमरावतीत तसली गाडी त्या बिल्डरकडेच होती.

"एक नंबर गाडी आहे, मॅडम. काहीच तरास नाही."

"कुठं आहे? बघते जरा."

"नागपूरले आहे. गॅरेजमध्ये."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून." तेव्हा होळी तोंडावर आली होती. त्याला मात्र यात काही वावगं वाटत नव्हतं. गाडी म्हणजे लक्ष्मी, दसऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि तिला कधी नावं ठेवायची नाहीत, असा त्याचा बाणा! रश्मीचं डोकं तिथंच तापलं. या लोकांना बायको, भाऊ, शेजारी यांच्याबद्दल वाटेल ते बोलता येतं, आणि गाडीबद्दल बोलताना जीभ टाळूला चिकटते.

मग अकोल्याची एक गाडी विकायला निघाल्याचं कळलं. मालक विपुल, तेल्हाऱ्याकडच्या बड्या शेतकऱ्याचा, खुशालरावांचा मुलगा. फोनवरचं बोलणं पिंटूनं आपणहून अंगावर घेतलं. या गाडीच्या बाबतीत तो पहिल्यांदाच तिच्या बाजूनं उभा राहिला, याचंच तिला कौतुक वाटलं. रविवारी दोघं त्या सात जणांच्या गाडीनं अकोल्याला गेले.

गाडी देखणी होती. गर्द निळी, नुकती धुतलेली. रश्मीनं दार उघडून बसून पाहिलं आणि तिला आत असं काही बरं वाटलं की उतरूच नये. पण प्रश्न तिनं विचारायचे आणि विपुलनं उत्तरं पिंटूकडे बघून द्यायची, असं सुरू झालं.

"गिअरबॉक्सचं काम कधी केलं?" रश्मीनं विचारलं.

"कामच नाही पडलं, दादा," विपुल पिंटूला म्हणाला.

"मी विचारते आहे. गाडी मी घेणार आहे."

"हो हो, मॅडम," असं म्हणून तो पुन्हा पिंटूकडेच वळला. रश्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात विपुलची आई सुभद्राबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी रश्मीकडे पाहिलं, मागं नवरा वगैरे कोणी आहे का तेही पाहिलं. "तुमी एकल्याच चालवसान हे?"

"हो."

"मंग नोका घेऊ, बाई. चालता चालता बंद पडते. दोनदा ट्रॅक्टरनं ओढून आनली. एकदा त मीच होती आत, दोन घंटे रस्त्यावर बसली."

"तुले काय समजते गाडीतलं?" खुशालराव दारातूनच ओरडले. "घरच्या लक्ष्मीले नावं ठेवतं?"

सुभद्राबाई मागे हटल्या नाहीत. "म्या त या दादाले फोनवर सांगतलं होतं. विपुल घरी नव्हता, म्याच उचलला होता फोन. यायले इचारा."

पिंटू चहाच्या कपात बघू लागला. रश्मीनं सुभद्राबाईंना हात जोडले आणि ती बाहेर पडली.

परतीच्या वाटेवर बोरगाव मंजू मागे पडलं. मग तिनं विचारलं, "तुले माहीत होतं?"

"तू ऐकली असती का? तुले तेच पाहिजे होती."

"माहीत होतं का नाही?"

"होतं. तू ते घेतली असती त हे गाडी मले राह्यली असती न. माह्या पोरांले कामी आली असती."

"मी रस्त्यात अडकली असती त?"

"फोन केला असता तू. मी आलो असतो न."

ते त्यानं अगदी सहज सांगितलं. मूर्तिजापूरच्या स्टँडसमोर तिनं गाडी उभी केली.

"उतर."

"ताई, अर्ध्या रस्त्यात?"

"मी अर्ध्या रस्त्यात बसली असती ते तुले चालत होतं. उतर!"

तो उतरला. आरशात तो हात हलवत उभा दिसला, पण ती थांबली नाही. बडनेरा आलं तरी राग तसाच होता. तेवढ्यात आईचा, केशरबाईंचा फोन आला. पिंटूनं त्यांना आधीच सगळं कळवलं होतं.

"असं करते का कोनी? जाय, घेऊन ये त्याले," केशरबाई म्हणाल्या. "लहान आहे तो."

अडतीस वर्षांचा होता तो, दोन पोरांचा बाप.

"आई," रश्मी म्हणाली, "मी कवा लहान होती?"

तिनं फोन ठेवून दिला आणि त्या सात जणांच्या गाडीत एकटीच पुढे निघाली.