ओठांतले पाढे

परवा लिफ्टमध्ये एका कामगाराच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास आला आणि मी थेट चिंचवडच्या आमच्या एका खोलीच्या घरात जाऊन पोचले.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी चौथीत होते आणि बाबांना कायम थर्ड शिफ्ट होती. सकाळी आले की ते खिडकीला चादर लावून झोपायचे. माझी शाळा दुपारची, म्हणजे अभ्यासाची वेळही तीच. मी तोंड उघडलं की आई ओठांवर बोट ठेवायची. "हळू गं, झोप मोडेल त्यांची." मग मी पाढे नुसते ओठ हलवून पाठ केले, अगदी एकोणतिसाचासुद्धा.

तोंडी परीक्षेत बाईंनी उभं केलं. सगळं येत होतं, पण आवाजच फुटेना. बाबांच्या कारखान्यातल्या साहेबांची वर्षा खणखणीत म्हणून गेली. तिला अभ्यासाला वेगळी खोली होती. माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'घरी अभ्यास करत नाही.' बापाच्या शिफ्टसाठी त्यात रकाना नव्हता.

सही करताना बाबा म्हणाले, "बरोबर लिहिलंय बाईंनी. मी रोज सकाळी घरातच असतो. तुझा आवाज कधी ऐकलाच नाही."

मी सांगायला तोंड उघडलं. आईनं ओठांवर बोट ठेवलं.