चप्पल न घालता

"चप्पल घालून जावं लागतं तो रस्ता. अनवाणी जाता येतं ती आळी." असं म्हणत काका स्वतःच्या पायांकडे बोट दाखवायचे. उभी हयात तारापूरकडच्या गावांत टपाल वाटलेले पाय ते. त्यांचं ऐकावंच लागे.

मी बोईसरजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीत कारकून. रस्त्यांना नावांच्या पाट्या लावायचं ठरलं, तेव्हा यादी करायला निवृत्त काकांना सोबत घेतलं. वाटलं, तासाभराचं काम. कसलं काय! दर वळणावर काका अडायचे. "मार्ग नको लिवू. मार्गाला मेलेलं मोठं माणूस लागतं. हितं सगळे जिवंत हायत!" चार वाटा मिळतात तो नाका, भोवती शेतं तो पाडा. कारखान्यांकडे जाणारा सरळ रस्ता आला की म्हणायचे, "हितं कोन कोनाला ओळखत नाय. रोड लिव."

शेवटी त्यांच्या दाराशी आलो. मी न विचारता लिहिलं, आळी. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन ते खोडलं. काकू गेल्या होत्या. शेजारी घरं विकून पालघरला फ्लॅटमध्ये राहायला गेले होते.

"आळीला दोन घरं तरी लागतात. एकट्याची कसली आळी?"

"काका, कोपऱ्यावर माझं घर आहे की!"

"तू कवा आलास अनवाणी?"

माझं घर तीस पावलांवर, पण कामाशिवाय मी कधी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो.

"जागा मोकळी ठेव," ते म्हणाले. "तू आलास की भर."

तुम्हीही कुणाला असं 'येतो, येतो' म्हटलं असेलच. मीही म्हणत राहिलो. मग एक दिवस कळलं, काका अंथरुणाला खिळलेत. धावत गेलो. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"रस्त्यावरून आलास," म्हणाले आणि हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या येतो, अनवाणी."

"ये. साखर घेऊन ये वाटीभर. चहा करू."

सकाळी त्यांना पालघरच्या दवाखान्यात हलवलं. ते परत आले नाहीत.

यादीतली मोकळी जागा मी भरून दिली. पाटी आली तेव्हा भर दुपारी मीच लावायला गेलो, चप्पल माझ्याच दारात ठेवून. डांबर तापलं होतं, तळवे भाजले. काकांच्या दाराला कुलूप होतं.

पाटीवर आता आळी लिहिलंय. घर मात्र एकच उरलंय, माझं.