ओल्या पोत्याखालची पेटी

अनसिंगच्या आठवडी बाजारात माझी आणि धाकट्या जावेची भाजीची जागा टोकाला आहे. खांबावरच्या दिव्याचा उजेड तिथवर पोचत नाही. कामावरून परतणारे लोक अंधार पडताना भाजी घेतात आणि जिथे उजेड आहे तिथेच थांबतात. मागोमाग दोन बाजार आम्ही मेथी परत आणली आणि बकऱ्यांपुढे टाकली. तिसऱ्यांदा असं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

विकतचा चार्जिंगचा दिवा मला पटत नाही. बिघडला की उघडता येत नाही. मी चौथी शिकले, पण वस्तू उघडून बघायची खोड मला पहिल्यापासून आहे. मोबाईलवर पाहून उन्हावर भरणारी पेटी केली. फवारणी पंपाची बॅटरी, हत्यारं ठेवायची प्लास्टिकची पेटी, छोटं सोलर पॅनल, आणि बॅटरी बेताने भरणारा कंट्रोलर. इंग्रजी अक्षरं सुनेने वाचली, तारांना कथलाचे डाग मी दिले. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. उलटं केलं तर कंट्रोलर जातो. आत हवा खेळावी म्हणून झाकणाला भोकं पाडली. घरी बल्ब चांगला लागला.

बाजारात पॅनल उन्हात मांडलं, पेटी टोपल्यांमागे ठेवली. समोरचा कांदेवाला म्हणाला, "बुढे, पेटीत साप हाय काय?"

"हाय. हात घालून पाह्य."

अंधार पडला. बटण दाबलं. बल्ब लागला नाही. मागे वळले तर पेटीवर ओलं पोतं. धाकट्या जावेने मेथीवर टाकतो तसं टाकलं होतं.

"हे काहून केलं वं?"

"तापून राह्यली होती ना बाई. म्हटलं, थंडी राहीन."

"ते काय मेथी हाय?"

"मले काय मालूम? तुमी तं तिले मेथीपरीस जपता."

झाकण उघडलं. भोकांतून पाणी सरळ कंट्रोलरवर ठिबकलं होतं. त्याचा हिरवा दिवा विझला होता, आणि बल्ब त्याच्यातूनच लागायचा.

"चाल बुढे," कांदेवाला म्हणाला, "मेथी बकऱ्याईले."

मी पेटी पुढे ओढली. पॅनल सोडलं, मग कंट्रोलर. तारांची टोकं पदराने कोरडी केली. बॅटरी पेटीच्या तळाशी होती, तिच्यापर्यंत पाणी गेलं नव्हतं, आणि दिवसभराच्या उन्हाने ती भरली होती. जवळ ठेवलेला एक फ्यूज मध्ये घालून बल्ब थेट बॅटरीला जोडला. जाऊ मोबाईलचा उजेड धरून उभी होती.

बल्ब लागला. मेथी हिरवीगार दिसायला लागली. लोक थांबले. बकऱ्यांना त्या दिवशी नुसत्या सुक्या कुटारावर, भुश्यावर भागवावं लागलं.

नवा कंट्रोलर बसवला. भोकं आता झाकणाला नाहीत, पेटीच्या बाजूंना आहेत. पुढच्या बाजारी कांदेवाल्याने आपलं दुकान आमच्या बाजूला सरकवलं.

"बसू का अठी? उजेड बरा हाय."

मी बोलायच्या आत जाऊ म्हणाली, "बस ना भाऊ. फक्त पेटीले हात लावू नोको. साप हाय."