चौकोनी की कापलेलं?

जळक्या गिअर-तेलाचा वास नाकात गेला, की मला हातखंब्याच्या आमच्या गॅरेजातला दादा आठवतो. आज दुपारी पुन्हा तसंच झालं.

मी कॉलेजात होतो तेव्हा मुंबईहून गोव्याला निघालेली एक लाल स्पोर्ट्स कार आमच्या दारात बंद पडली होती. ऑटोमॅटिक गाडी, जुनी विकत घेतलेली. त्या मॉडेलमध्ये दोन प्रकारचे गिअरबॉक्स यायचे आणि आपल्या गाडीत कुठला आहे, हे मालकाला ठाऊक नव्हतं. ते कळल्याशिवाय मुंबईहून पार्ट मागवता येईना. ओळखायची खूण गाडीच्या पोटाशी, तेलाच्या चेंबरला होती. एका गिअरबॉक्सचं चेंबर चौकोनी, दुसऱ्याचं एका कोपऱ्यात कापलेलं. दादा पुठ्ठा अंथरून खाली सरकला.

बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मालक येरझाऱ्या घालत होता. मलाच लाज वाटायला लागली.

"दादा, चौकोनी की कापलेलं?"

"बघतोय ना मेल्या. थांब जरा."

त्याला ओळखता येत नाहीये, असंच मी तेव्हा धरून चाललो. बाबांचं औषध, घराचं छप्पर, माझं कॉलेज. घरात प्रत्येक गोष्टीला हाक दादालाच.

दादाला जाऊन बरीच वर्षं झाली. गॅरेज आता मी बघतो. आज तशाच एका गाडीखाली शिरलो, तर चेंबरचा कापलेला कोपरा पहिल्या नजरेतच दिसला. पाठीखालची जमीन गार होती. मी डोळे मिटून घेतले.

"समजलं का हो?" बाहेरून गिऱ्हाइकानं विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो. "थांबा जरा."